तेलाच्या विहिरीला दोन कुलपे का लागतात?

वर्धा जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नाही. आपल्या विहिरी पाण्याच्या, आणि उन्हाळ्यात त्यांचीही पंचाईत. तरीही हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण धंद्याचेच आहे. आपल्या वस्त्यांमधून आयटीआय झालेली मुले फिटर, वेल्डर, रिगर म्हणून आखाती देशांत आणि मुंबईच्या समुद्रात तेलाच्या कामावर जातात. लेथवर काम करणाऱ्या कारीगराकडे उद्या फ्लँजची किंवा स्टडची ऑर्डर आली, तर तो माल कुठे बसणार आहे आणि तिथे त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, हे त्याला ठाऊक असलेले बरे. मी स्वतः कापडाचा व्यापारी. कामगारांच्या कव्हरऑलच्या मालाची चौकशी करता करता या धंद्याची कागदपत्रे वाचण्याची सवय लागली. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट शब्दाची. उर्दूत ‘तेल का कुआँ’ म्हणतात, मराठीत ‘तेलविहीर’. दोन्ही शब्दांनी थोडी फसगत होते. विहीर म्हटले की पाणी तळाशी शांत आहे आणि आपण ते उपसतो, असे चित्र डोळ्यांसमोर येते. तेलाच्या व गॅसच्या विहिरीत बहुधा उलट असते. हजारो मीटर खाली खडकाच्या छिद्रांत तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली कोंडलेले असतात. आपण वरून भोक पाडले की त्यांना बाहेर पडायला वाट मिळते. म्हणून पाण्याची विहीर उपसावी लागते आणि तेलाची विहीर आवरावी लागते. विहिरीची सुरक्षितता म्हणजे हे आवरणे, आणि तेही विहीर खोदल्याच्या दिवसापासून ती कायमची बुजवीपर्यंत.

विहिरीचे बांधकाम

आपल्याकडे बोअर मारताना वर काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड लागतो. मातीचा भाग ढासळू नये म्हणून वरचे काही फूट केसिंग पाइप टाकतात आणि खाली दगड लागला की भोक उघडेच ठेवतात. तेलविहिरीत केसिंगचे काम याहून पुष्कळ मोठे असते. तिथे एकात एक असे अनेक पाइप बसवितात. सर्वांत बाहेरचा वीस इंच किंवा त्याहून मोठा, तो थोड्याच खोलीपर्यंत जातो. त्याच्या आत तेरा इंच तीन सूत, त्याच्या आत नऊ इंच पाच सूत, आणि सर्वांत आत सात इंचाचा, जो तेलाच्या थरापर्यंत पोहोचतो. मापे विहिरीप्रमाणे बदलतात, पण रचना हीच. दुर्बीण उघडल्यावर जशी नळीत नळी दिसते तशी.

पाइप नुसता सोडून भागत नाही. पाइपची बाहेरची बाजू आणि खडक यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती सिमेंटने भरावी लागते, नाहीतर वायू पाइपात न येता पाइपच्या बाहेरून वर चढतो. हे सिमेंट वरून बाहेरच्या पोकळीत ओतत नाहीत. ते पाइपच्या आतून पंपाने खाली ढकलतात. तळाला पोहोचले की ते वळून बाहेरच्या बाजूने वर येते. पाइप भोकाच्या मध्यभागी नसेल, एका अंगाला टेकला असेल, तर त्या अंगाला सिमेंट शिरत नाही आणि तिथे वर जाणारी एक चोरवाट राहून जाते. घराच्या गिलाव्यात पोकळी राहिली तर बोटाने ठोकून कळते. इथेही ठोकूनच पाहतात, मात्र ध्वनिलहरींच्या यंत्राने, आणि त्याचा कागदावर आलेख निघतो. तो आलेख चांगला आला तरी दाब देऊन वेगळी परीक्षा घेतातच.

दाबाचा हिशेब

आता विहीर खोदली जात असताना तेल-वायू वर का येत नाही? कारण भोक एका जड द्रवाने काठोकाठ भरलेले असते. त्याला मड म्हणतात. नाव चिखलाचे असले तरी ते मापून तयार केलेले मिश्रण असते. त्यात बेंटोनाइट माती असते, आणि वजन वाढविण्यासाठी बॅराइट नावाच्या खनिजाची भुकटी घालतात, जी पाण्यापेक्षा चौपटीहून जड असते. आंध्र प्रदेशात मंगमपेट येथे बॅराइटची जगातील मोठ्या खाणींपैकी एक आहे.

हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीचे पाणी तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देते. समजा विहीर २,००० मीटर खोल आहे आणि मड पाण्याच्या १.२ पट जड आहे. तळाशी दाब झाला २४० किलो. खडकातील वायूचा दाब २२० किलो असेल, तर आपल्याकडे २० किलोची शिल्लक आहे आणि वायू जागच्या जागी राहील. आता मडची पातळी कुठल्याही कारणाने २०० मीटर खाली गेली. उरलेल्या १,८०० मीटरचा दाब २१६ किलो. शिल्लक संपली, उलट चार किलोची तूट आली. वायू विहिरीत शिरू लागला. तळाशी शिरलेला एक लिटर वायू वर येता येता, दाब कमी होत जाईल तसा, दोनशे पटींहून अधिक फुगतो. म्हणून सुरुवातीला चोरपावलांनी येणारी ही गोष्ट शेवटच्या काही मिनिटांत अंगावर येते.

मडची पातळी कमी होण्याची एक वाट म्हणजे खडकातील भेगा. चुनखडीच्या खडकात भेगा व पोकळ्या असतात, आणि मुंबई हायचे तेल चुनखडीतच आहे. भेगांतून मड वाहून जाऊ लागला की तो थांबविण्यासाठी त्यात तंतुमय किंवा दाणेदार पदार्थ सोडतात, जे भेगेच्या तोंडाशी अडकून बूच बनतात. हिंगणघाट-पुलगावच्या वाचकांना गंमत वाटेल, पण या कामासाठी रिगवर फार पूर्वीपासून वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत सरकीची टरफले आहेत. आपण जी ढेपीत घालतो, तीच.

दुसरी वाट माणसाच्या निष्काळजीपणाची, आणि ती व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी आहे. खोदण्याचा पाइप विहिरीतून वर ओढला की त्याने व्यापलेली जागा रिकामी होते. तेवढी जागा वरून मड ओतून भरावी लागते. पाच इंची पाइपाचे एक मीटर लोखंड सांध्यांसकट सुमारे चार लिटर जागा घेते. तीन पाइपांचा एक जोड, म्हणजे सुमारे २८ मीटर, बाहेर काढला की ११० लिटर मड आत गेला पाहिजे. दहा जोड काढले तर १,१०० लिटर. यासाठी रिगवर एक छोटी मोजणीची टाकी आणि एक वही असते. किती पाइप निघाले, किती मड गेला, हे प्रत्येक टप्प्याला लिहितात. हा सरळसरळ रोजमेळ आहे. दहा जोड निघाले आणि आत मात्र ८०० लिटरच गेले, तर उरलेल्या ३०० लिटरची जागा कुणी तरी भरली आहे, आणि ते कुणी तरी म्हणजे खडकातला वायू किंवा तेल. दुकानात शंभर ठाण विकले आणि गोदामात वीसच कमी झाले, तर आपण नफा झाला म्हणून खूश होत नाही. वहीत काही तरी चुकले म्हणून शोध घेतो. रिगवर अशा वेळी शोध नंतर, विहीर आधी बंद करायची असते. ड्रिलरला त्यासाठी साहेबाची परवानगी घ्यावी लागत नाही; तो बंद करतो आणि मग कळवितो.

दुसरे कुलूप

मड हे पहिले कुलूप झाले. त्याने दगा दिला तर दुसरे तयार असावे, म्हणून विहिरीच्या तोंडावर पोलादी झडपांची एकावर एक उतरंड बसवितात. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून बीओपी म्हणतात. त्यात सर्वांत वर रबराचा जाड कडा असतो, जो आत येईल त्या पाइपाला आवळतो. त्याखाली पाइपाच्या मापाचे दोन जबडे असतात, आणि शेवटचा उपाय म्हणून पाइपासकट सारे कापून बंद करणारे जबडे असतात. हे सगळे तेलाच्या दाबावर चालते आणि तो दाब आधीच सिलिंडरमध्ये साठवून ठेवलेला असतो, म्हणजे वीज गेली तरी झडप मिटते.

नियमाचे सूत्र असे की, विहिरीला कोणत्याही क्षणी दोन कुलपे असावीत, ती एकमेकांवर अवलंबून नसावीत आणि प्रत्येकाची परीक्षा झालेली असावी. यातला तिसरा भाग सर्वांत आधी विसरला जातो. एक कुलूप काढायची वेळ कामात येतेच. त्या वेळी दुसरे ‘असेल’ असे धरून चालत नाही, ते ‘आहे’ असे सिद्ध करावे लागते. जगातले मोठे अपघात पाहिले तर बहुतेक ठिकाणी कुलूप होते, पुरावा नव्हता. किंवा पुरावा समोर होता आणि त्याचा सोयीचा अर्थ लावला गेला.

आपल्या देशातील उदाहरणे

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. देशाच्या तेलाच्या इतिहासात एवढी मोठी घटना दुसरी नाही. त्याच क्षेत्रात जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ रिगवर विहीर उसळली आणि आग लागली. जानेवारी १९९५ मध्ये आंध्र प्रदेशात पूर्व गोदावरी जिल्ह्यातील पासरलापुडी येथील गॅसची विहीर पेटली, ती दोन महिन्यांहून अधिक काळ जळत राहिली. आगीचे लोळ नारळाच्या बागांमधून लांबवर दिसत असत. १९९१ मध्ये कुवेतमधून माघार घेताना इराकी फौजांनी सहाशेहून अधिक विहिरी पेटविल्या होत्या. त्या शेवटी नोव्हेंबरमध्ये विझल्या. ते युद्धातले कृत्य होते, अपघात नव्हे, पण विहिरीचे तोंड उडाले की एकेका विहिरीवर किती मेहनत पडते हे आखातात काम करणाऱ्या आपल्या लोकांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

नीट अभ्यासावे असे उदाहरण आसामातले आहे. तिनसुकिया जिल्ह्यात बागजान येथे ऑइल इंडियाची पाच क्रमांकाची विहीर होती. ती नवी नव्हती, वर्षानुवर्षे गॅस देत होती. मे २०२० मध्ये तिच्यावर दुरुस्तीचे काम काढले: खालचा थर बंद करायचा आणि वरच्या थरातून उत्पादन घ्यायचे. त्यासाठी आत सिमेंटचा बूच बसविला. पुढच्या कामासाठी तोंडावरची बीओपी काढणे भाग होते. ती काढली, आणि २७ मे रोजी विहीर उसळली. बूच धरला आहे याची पुरेशी खात्री होण्याआधी दुसरे कुलूप काढले गेले, हाच चौकशीत निघालेला मुख्य दोष. सिमेंट घट्ट व्हायला ठरावीक तास लागतात, मग वरून वजन टेकवून आणि दाब देऊन ते पारखायचे असते. घराचा स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी टेकू काढणारा गवंडी आपण दारात उभा करणार नाही.

९ जून रोजी त्या वायूने पेट घेतला आणि कंपनीचे दोन अग्निशमन कर्मचारी दगावले. गावातील हजारो माणसे घरे सोडून छावण्यांत राहिली. जवळच मागुरी-मोटापुंग हे मासेमारीचे मोठे तळे आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. तिथल्या मच्छीमारांचे, चहाच्या लहान बागायतदारांचे नुकसान झाले. कॅनडाहून खास यंत्र मागवून १५ नोव्हेंबर २०२० रोजी विहीर अखेर मारण्यात आली. साडेपाच महिने. बूच पारखण्यासाठी लागले असते ते काही तास.

याच जातीचे दुसरे उदाहरण अमेरिकेतले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहिरीवर ‘डीपवॉटर होरायझन’ रिग पेटली, ११ कामगार गेले आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. त्या दिवशी सिमेंट धरले आहे की नाही याची परीक्षा घेतली होती. परीक्षेची पद्धत अशी: आतला दाब मुद्दाम कमी करायचा आणि काटा शून्यावर राहतो का पाहायचे. काटा शून्यावर राहिला नाही. खोदण्याच्या पाइपावर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९८ किलो दाब पुन्हा पुन्हा दिसत होता. बाजूच्या दुसऱ्या नळीवर मात्र काही दिसत नव्हते. तेव्हा पाइपावरच्या दाबाला एक कारण सांगितले गेले, ते जमलेल्यांना पटले, आणि परीक्षा उत्तीर्ण धरली गेली. मला यात सर्वांत शिकण्यासारखे हे वाटते की, यंत्राने खोटे सांगितले नव्हते. काम आधीच लांबले होते, रिगचे भाडे रोजच्या रोज चढत होते, आणि शून्य दिसावे अशी सर्वांची इच्छा होती. तागा मोजताना गिऱ्हाईक समोर घाई करीत असले की मीटरपट्टी कुठे सरकते हे आपल्याला माहीत आहे.

समुद्रातील प्लॅटफॉर्म

आपल्या महाराष्ट्राजवळ घडलेली सर्वांत मोठी दुर्घटना मुंबई हाय नॉर्थची. तारीख २७ जुलै २००५, म्हणजे मुंबई पाण्यात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशीची. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली होती. हवा इतकी वाईट की हेलिकॉप्टर मिळेना. म्हणून जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणून क्रेनच्या पाळण्यातून त्याला वर घेतले. त्यानंतर लाटांनी जहाज ढकलले आणि ते प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या अंगाने वर येणाऱ्या पाइपावर, ज्याला रायझर म्हणतात, आदळले. वायू सुटला, पेटला, आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसे गेली. ३६२ जणांना खवळलेल्या समुद्रातून वाचविण्यात आले, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

हा अपघात विहिरीत सुरू झाला नव्हता. पण विहिरीच्या अभ्यासात तो येतोच, कारण वरचे सारे बांधकाम नष्ट झाले तर विहीर आवरणार कोण, हा प्रश्न तो विचारतो. उत्तर असे की, बंद होण्याची सोय वर नसून खाली असावी. समुद्रातल्या वाहत्या विहिरीच्या आतल्या नळीत, समुद्राच्या तळाच्याही खाली, एक झडप बसविलेली असते. ती उघडी ठेवण्यासाठी वरून एका बारीक नळीतून तेलाचा दाब सतत द्यावा लागतो. दाब गेला, नळी तुटली, प्लॅटफॉर्म पडला, काहीही झाले तरी स्प्रिंग झडप मिटवून टाकते. ट्रकच्या मेकॅनिकला हे समजायला अडचण नाही: एअर ब्रेकच्या गाडीत हवा संपली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला तर वस्तू सुरक्षित बाजूला जावी, हा या साऱ्या विद्येचा पाया आहे. मात्र वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या झडपेवर वाळू, मेण, क्षार बसतात आणि वेळेवर ती पुरती मिटत नाही. म्हणून ठरलेल्या मुदतीने ती बंद करून, वरचा दाब काढून, गळती मोजतात.

जुन्या विहिरींचा दुसरा दवाखाना म्हणजे पाइपांमधल्या पोकळ्या. प्रत्येक पोकळीला विहिरीच्या तोंडाशी एक दाबमापक असतो. तिथे शून्य किंवा ठरलेला आकडा अपेक्षित असतो. दाब चढलेला दिसला तर झडप उघडून तो काढून टाकतात, पुन्हा बंद करून एक दिवस वाट पाहतात. उन्हाने किंवा तेलाच्या उष्णतेने द्रव फुगून दाब आला असेल तर तो परत येत नाही. परत आला, तर कुठे तरी गळती आहे: सांधा, सील किंवा सिमेंट. मुंबई हायला उत्पादन सुरू होऊन २०२६ मध्ये ५० वर्षे होतात. अशा वयाच्या क्षेत्रात नवी विहीर खोदण्याइतकेच हे काटे रोज पाहणाऱ्या माणसाचे काम मोलाचे असते, आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव कधी येत नाही.

विहीर संपली की तिला सोडून देता येत नाही. आत वेगवेगळ्या खोलीवर सिमेंटचे बूच बसवून, तेही पारखून, ती कायमची बंद करायची असते. आपल्याकडे उघड्या सोडलेल्या बोअरमध्ये मुले पडण्याच्या घटना इतक्या झाल्या की सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये त्या तळापासून जमिनीपर्यंत बुजविण्याचे निर्देश द्यावे लागले. गावोगाव ते किती पाळले जातात हे आपण पाहतोच. तेलविहिरीत मात्र कंटाळा करून चालत नाही, कारण उघड्या विहिरीतला वायू आपल्या पायांनी वर येतो.

आपल्या मालाचा संबंध

काही विहिरींच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ‘वास गेला म्हणजे वायू गेला’ असे समजणारा माणूस तिथेच पडतो. कोंडलेल्या जागेतील वायू काय करतो हे कळायला तेलक्षेत्रात जायला नको. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या स्लरीच्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, आणि अशी पाच माणसे गेली.

हा वायू पोलादाचाही शत्रू आहे. तो जास्त कडक पोलादाला आतून तडे पाडतो, कसलीही पूर्वसूचना न देता. म्हणून अशा विहिरींसाठी साध्या पोलादाच्या कडकपणाला वरची मर्यादा घातलेली आहे, रॉकवेल सी मापाने २२. आपल्या कारीगरांची समजूत अशी की बोल्ट जितका कडक तितका चांगला. इथे ती समजूत घातक ठरते. स्टडसाठी नेहमी ‘बी-७’ प्रतीचे पोलाद वापरतात. अशा वायूच्या ठिकाणी त्याचीच मऊ केलेली ‘बी-७-एम’ प्रत मागतात. दोन्ही दिसायला सारखे, आटेही सारखे. फरक फक्त उष्णतेच्या प्रक्रियेत, टोकावरच्या ठशात आणि तपासणीच्या कागदात. ठसा चुकीचा मारला तर तो बोल्ट बसविणाऱ्याला फरक कळायला कोणताही मार्ग उरत नाही.

फ्लँजमधील लोखंडी कडीचेही असेच. जास्त दाबाच्या फ्लँजमध्ये रबराची गॅस्केट चालत नाही. मऊ लोखंडाची कडी खाचेत बसवून आवळतात, ती दबून खाचेचा आकार घेते आणि सांधा बंद होतो. एकदा दबलेली कडी पुन्हा वापरायची नाही. ती पुसून, रंग देऊन नवी म्हणून विकणे हा भंगाराच्या बाजारातला किरकोळ फायदा असेल, विहिरीवर ते उघडे कुलूप आहे.

म्हणून या धंद्यात मालाइतकीच कागदाची किंमत आहे. पोलादाच्या प्रत्येक वितळीला एक हीट नंबर असतो. तो नंबर वस्तूवर ठोकलेला असतो आणि कारखान्याच्या तपासणी दाखल्यावरही असतो; दाखल्यावर रासायनिक घटक, ताण, कडकपणा लिहिलेले असतात. बार कापून त्याचे दहा तुकडे केले तर दहाही तुकड्यांवर तो नंबर पुन्हा ठोकावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, आणि लहान वर्कशॉपमध्ये नेमके हेच राहून जाते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटपासून नागपूरपर्यंतच्या बाजारात सुट्या मालाबरोबर झेरॉक्स दाखला मिळू शकतो. एकाच दाखल्याच्या प्रती काढून निराळ्या मालाला जोडल्या, तर तो दाखला कुणाचाच राहिला नाही. म्हणजेच वानगी एक आणि गाठ दुसरी. कापडात त्याचे पर्यवसान भांडणात होते.

विहिरीच्या तोंडाचे मुख्य भाग एपीआयचा परवाना असलेले कारखानेच बनवितात. लहान कारीगराला तिथे थेट जागा नाही. त्याला काम मिळते ते अशा कारखान्याचे जॉबवर्क म्हणून, किंवा साध्या पुरवठ्यात: पाइप-सपोर्ट, जाळ्या, शिड्या, हत्यारे, गणवेश. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सरकारी कंपन्यांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. तो आधी २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ टक्के केला. उद्यम नोंदणी करून त्याचा लाभ घेता येतो. व्यापारी बंधूंनी एक मात्र ध्यानात घ्यावे. २०२१ पासून व्यापाऱ्यांचीही उद्यम नोंदणी होऊ लागली, पण ती बँकेच्या कर्जापुरती. खरेदी धोरणातील सवलत माल बनविणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे, घेऊन विकणाऱ्याला नाही.

कामावर जाणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. एजंटाने दाखविलेल्या पगाराच्या आकड्याबरोबर प्रशिक्षणाचे विचारा. समुद्रात जाणाऱ्याला जीव वाचविण्याचे प्रशिक्षण लागते. ओएनजीसीची त्यासाठीची संस्था गोव्यात बेतूल येथे आहे. विषारी वायूचे प्रशिक्षण वेगळे, आणि ड्रिलिंगच्या मुख्य हुद्द्यांसाठी वेल कंट्रोलचा दाखला वेगळा. दुरुस्तीच्या कामाला लेखी परवाना असतो. तो वाचल्याशिवाय बोल्टला पाना लावायचा नाही. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्मवर एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. तिचा परवाना रात्रपाळीच्या माणसांसमोर आला नाही, त्यांनी तो पंप सुरू केला. १६७ माणसे गेली.

शेवटी माझ्या मालाविषयी. विहिरीवरच्या कामगाराचे कव्हरऑल आग न धरणाऱ्या कापडाचे असते. एक तर मूळ धागाच तसा, किंवा सुती कापडावर रासायनिक प्रक्रिया केलेली. बाजारात त्याच रंगाचे, तशाच पट्ट्या शिवलेले टेरिकॉटचे कव्हरऑल निम्म्याहून कमी किमतीत मिळते. टेरिकॉटमधील पॉलिस्टर पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. पारख करायची असेल तर आतल्या शिवणीतून चार धागे ओढा, चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. साधे सूत जळत राहील, कागदासारखा वास येईल आणि मऊ राख पडेल. पॉलिस्टर आक्रसेल आणि त्याचा कडक मणी होईल. प्रक्रिया केलेले सूत काळे पडेल, पण ज्योत बाजूला केली की विझेल. ही घरगुती चाचणी झाली. खरेदीसाठी लेबलावरचा मानक क्रमांक आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, आणि अहवालावरचा कापडाचा लॉट नंबर हातातल्या ठाणाशी जुळवून घ्यावा. धुताना क्लोरीनचे ब्लीच वापरू नये, त्याने प्रक्रिया उतरते. कपडा मऊ करणारे द्रवही टाकू नये. त्याचा थर कापडावर राहतो आणि तो पेटतो.